सॉनिक्स सिॲटलमधून गेले कसे: एका बास्केटबॉल क्लबचं पूर्ण प्रकरण

२०२५ च्या जूनमधली सोमवारची सकाळ. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या फायनलची सातवी मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला होती म्हणून मी प्रॅक्टिस कॅन्सल केली होती, पण पोट्टे ग्राउंडवर आलेच, पायऱ्यांवर एका मोबाइलभोवती दहा-बारा जण गर्दी करून बसले आणि ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला १०३-९१ ने हरवलं तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की समोरच्या गॅलरीतून काकू बाहेर आल्या. त्यातला एक नववीतला पोट्टा आमच्या नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली थंडरची निळी जर्सी घालून आला होता. त्याने विचारलं, "सर, हे यांचं पहिलंच टायटल ना?" मी म्हटलं हो. तेवढ्यात दुसऱ्याने मोबाइलवर शोधलं, "नाही सर, इथे दोन दाखवून राहिलं, एक १९७९ चं." आणि मग तिसरा, "पण सर, थंडर तर २००८ ला सुरू झाली ना, मग १९७९ ला कोण जिंकलं?"

मी त्यांना तिथे दोन वाक्यात सांगितलं की ती टीम आधी दुसऱ्या शहरात होती, दुसऱ्या नावाची होती. पण ते उत्तर मला स्वतःलाच पुरलं नाही. त्यानंतर बरेच दिवस मी हे प्रकरण वाचत बसलो आणि जे समजलं ते इथे सगळं लिहून काढतोय, कारण बास्केटबॉल शिकवणाऱ्या, ग्राउंड सांभाळणाऱ्या, क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नीट समजून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१९७९ ला जिंकलेल्या क्लबचं नाव सिॲटल सुपरसॉनिक्स, प्रेमाने सॉनिक्स. १९६७ मध्ये १७.५ लाख डॉलर भरून ही टीम एनबीएत आली. नावासाठी लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, आणि त्याच सुमारास सिॲटलच्या बोइंग कंपनीला आवाजापेक्षा वेगात उडणारं प्रवासी विमान बनवायचं सरकारी काम मिळालं होतं म्हणून नाव पडलं सुपरसॉनिक्स. बोइंग म्हटलं की आपल्याला नागपूरच्या मिहानमधला तो विमान दुरुस्तीचा मोठा हँगर आठवतो, जो बोइंगने उभा केला आणि मग एअर इंडियाकडे गेला. तीच कंपनी. ते विमान काही बनलं नाही, १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने पैसा थांबवला, पण टीमचं नाव तेच राहिलं. पुढे २००१ मध्ये बोइंगने हेडक्वार्टरही सिॲटलमधून शिकागोला हलवलं. म्हणजे या शहराला आपली वाटणारी गोष्ट उठून जाण्याचा अनुभव सॉनिक्सच्या आधीही आला होता.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. पहिला मालक सॅम शुल्मन हा लॉस एंजेलिसचा बिझनेसमन होता. टीम सिॲटलची, हिरवा-पिवळा रंग सिॲटलचा, ओरडणारे लोक सिॲटलचे, पण मालकीचा कागद पहिल्या दिवसापासून शहराबाहेरच्या माणसाच्या हातात. चाळीस वर्षांनी जे झालं त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

शुल्मन माणूस मात्र हिमतीचा. त्या काळात एनबीएचा नियम होता की हायस्कूल संपून चार वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला घ्यायचं नाही. शुल्मनने स्पेन्सर हेवूडला नियमात बसत नसताना करारबद्ध केलं, लीगने अडवलं, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७१ मध्ये ७ विरुद्ध २ ने निकाल हेवूडच्या बाजूने लागला. आज एकोणीस-वीस वर्षांची पोरं एनबीएत दिसतात ना, त्यांचा दरवाजा या क्लबने कोर्टात लढून उघडला. हे मी पोट्ट्यांना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना.

मग लेनी विल्कन्स. आधी खेळता खेळता कोच, मग गेला, आणि १९७७-७८ च्या सीझनमध्ये टीम २२ पैकी १७ मॅच हरलेली असताना परत कोच म्हणून आला. खेळाडू बहुतेक तेच, आणि त्याच सीझनमध्ये टीम फायनलला! वॉशिंग्टन बुलेट्सकडून सातव्या मॅचमध्ये हरले. पुढच्या वर्षी, १९७९ ला, त्याच बुलेट्सना ४-१ ने हरवून चॅम्पियन. डेनिस जॉन्सन फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, सोबत गस विल्यम्स, जॅक सिक्मा, फ्रेड ब्राऊन. तेव्हा ते किंगडोम नावाच्या अवाढव्य बंदिस्त स्टेडियममध्ये खेळत आणि पुढच्या सीझनला तिथे सरासरी एकवीस हजारांवर प्रेक्षक यायचे. ज्या शहरावर नंतर "तुम्हाला टीमची कदर नाही" असा आरोप झाला त्याच शहराची ही गर्दी.

ऐंशीचं दशक मी पटकन सोडतो. १९८३ मध्ये शुल्मनने टीम बॅरी ॲकर्लीला विकली, टीम कधी बरी कधी साधारण. नव्वदच्या दशकात मात्र गॅरी पेटन आणि शॉन केम्प आले आणि जॉर्ज कार्ल कोच. १९९४ मध्ये ६३ मॅच जिंकून पहिल्या नंबरवर आलेली ही टीम बाद फेरीत आठव्या नंबरच्या डेन्व्हरकडून २-० ने पुढे असताना २-३ ने बाहेर पडली, एनबीएत असं आधी कधीच झालं नव्हतं. १९९६ मध्ये ६४ मॅच जिंकल्या, फायनलला समोर ७२ मॅच जिंकलेले मायकल जॉर्डनचे बुल्स, पहिल्या तीन हरले, घरच्या मैदानावर चौथी-पाचवी जिंकली, सहावीत शिकागोला संपलं. नागपुरात तेव्हा आमच्या घरी नुकतीच केबल आली होती आणि सहाव्या मॅचचे हायलाइट्स मी काकाच्या मांडीला मांडी लावून पाहिले, बुल्सच्या बाजूने. सॉनिक्सचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

आता खरा मुद्दा, स्टेडियम.

१९९५ मध्ये सिॲटल महापालिकेने कोलिझियम हे जुनं स्टेडियम जवळपास नव्याने बांधून दिलं, नाव की अरिना. पैसा शहराने बाँड काढून उभा केला आणि तो फिटणार होता अरिनाच्या कमाईतून, म्हणजे श्रीमंत लोकांचे खासगी बॉक्स, महाग खुर्च्या वगैरे. बदल्यात सॉनिक्सने पंधरा वर्षं, २०१० पर्यंत, तिथेच खेळायचं असा लीज करार. कागदावर चांगला करार होता. पण चार-पाच वर्षांत त्याच शहरात बेसबॉलच्या मरिनर्सचं नवं स्टेडियम झालं, मग अमेरिकन फुटबॉलच्या सीहॉक्सचं झालं, आणि महाग बॉक्स घेणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्या. की अरिना एनबीएतलं सगळ्यात लहान अरिना, जेमतेम सतरा हजारांचं, त्यामुळे टीमची कमाई आटली आणि शहराचीही.

लोकांचा रागही तिथूनच साचला. मरिनर्सच्या स्टेडियमसाठी १९९५ मध्ये मतदान झालं, लोकांनी थोडक्यात का होईना पण नाही म्हटलं, तरी राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन पैसा काढलाच. आणि किंगडोम २००० मध्ये स्फोट करून पाडलं तरी त्याचं कर्ज लोक पुढे अनेक वर्षं फेडत होते. नसलेल्या स्टेडियमचं कर्ज! आपल्या गल्लीतला रस्ता वर्षात तिसऱ्यांदा खोदतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं, तसंच वाटत असणार त्या माणसाला. त्यामुळे सिॲटलकरांनी सॉनिक्ससाठी पैसा द्यायला नाही म्हटलं याचा अर्थ त्यांचं प्रेम नव्हतं असा मी तरी लावत नाही. सगळ्यात शेवटी हात पसरायला आली ती बास्केटबॉल टीम आणि आधीच्या दोघांचा राग तिच्यावर निघाला.

२००१ मध्ये ॲकर्लीने टीम २० कोटी डॉलरला विकली, घेणारा ग्रुप हॉवर्ड शुल्ट्झचा, स्टारबक्सवाला, सिॲटलचाच. सगळ्यांना वाटलं आता आपला माणूस आला. शुल्ट्झने पेटनला मिलवॉकीला दिलं, रे ॲलन आला, टीम एखाद-दोन सीझन चमकली पण दरवर्षी तोटा. त्याने राज्याकडे की अरिना वाढवायला २२ कोटी डॉलर मागितले, विधिमंडळाने दाद दिली नाही. मग जुलै २००६ मध्ये त्याने टीम ३५ कोटी डॉलरला विकून टाकली, सोबत महिलांची टीम सिॲटल स्टॉर्मसुद्धा. घेणारा क्ले बेनेट, ओक्लाहोमा सिटीचा.

ओक्लाहोमा सिटीचा माणूस कशाला घेईल सिॲटलची टीम? याचं उत्तर एक वर्ष आधीच दिसत होतं. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तिथली हॉर्नेट्स टीम दोन सीझन ओक्लाहोमा सिटीत खेळली, अरिना भरभरून जायचं, आणि तिला तिकडे आणण्यात बेनेट पुढे होता. त्या शहराने मोठ्या लीगची चव पहिल्यांदा घेतली होती आणि हॉर्नेट्स परत जाणार हे ठरलेलं होतं. मला त्या शहराचा राग नाही. आपल्या नागपुरात दोन वर्षं एनबीए खेळली असती आणि निघून गेली असती तर आपणही काय नसतं केलं.

विक्रीच्या करारात शुल्ट्झने अट घातली होती की बेनेटने एक वर्ष सिॲटलमध्ये नव्या अरिनासाठी प्रामाणिक प्रयत्न करायचे. बस एवढंच. टीम इथेच राहील अशी अट नाही, गेली तर एवढे पैसे भरा अशी नाही, परत विकायची तर आधी सिॲटलच्या माणसाला विचारा अशीही नाही. 'प्रामाणिक प्रयत्न' मोजणार कोण आणि कशाने? माझ्या मते टीम हातातून गेली ती याच ओळीत, आणि ती ओळ सिॲटलच्या माणसाने, सिॲटलमध्ये बसून मान्य केली. शुल्ट्झने नंतर विक्री रद्द करायला केस टाकली आणि ती मागेही घेतली, पण तोपर्यंत काय उरलं होतं.

पुढचे दोन वर्षं तारखांसकट सांगतो कारण इथे प्रत्येक तारखेला काहीतरी हातून निसटलं आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सिॲटलच्या मतदारांनी ७४ टक्क्यांनी एक ठराव पास केला की शहराने खासगी टीमवर पैसा घालायचा असेल तर सरकारी रोख्यांवर मिळतं तेवढं तरी व्याज परत आलं पाहिजे. त्याच वर्षी नगर परिषदेचा तेव्हाचा अध्यक्ष म्हणून गेला होता की सॉनिक्सचं शहराला सांस्कृतिक मोलसुद्धा शून्याच्या जवळच आहे, नंतर त्याने माफी मागितली पण वाक्य व्हायचं ते झालं. फेब्रुवारी २००७ मध्ये बेनेटने रेंटन या उपनगरात ५० कोटी डॉलरच्या अरिनाचा प्रस्ताव मांडला, बहुतेक पैसा जनतेचा, आणि तो एप्रिलपर्यंत बारगळला. मागणीच एवढी मोठी ठेवली की नकारच यावा, असं तिथले बरेच लोक अजूनही मानतात.

ऑगस्ट २००७ मध्ये त्याच्या पार्टनरपैकी एक, तेल-गॅसवाला ऑब्री मॅक्लेंडन, ओक्लाहोमाच्या एका पेपरला सरळ सांगून बसला की टीम सिॲटलमध्ये ठेवायला आम्ही घेतलीच नव्हती, इकडे यावी ही आमची आशा होती. लीगने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला. अडीच लाख! ३५ कोटींच्या व्यवहारात. व्यवहार कागदावर पूर्ण झाल्यापासून एक वर्ष झाल्या झाल्या, नोव्हेंबर २००७ च्या पहिल्याच आठवड्यात, बेनेटने टीम हलवायचा अर्ज लीगकडे टाकला.

इकडे शहराने सप्टेंबरमध्येच केस टाकली होती की लीज २०१० पर्यंत आहे, तोपर्यंत इथेच खेळा. मार्च २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्टीव्ह बाल्मर आणि काही स्थानिक लोक पुढे आले, म्हणाले की अरिना ३० कोटीत वाढवू, अर्धे आमच्या खिशातून, उरलेले शहर आणि राज्य साडेसात-साडेसात कोटी द्या. राज्याने वेळेत हालचाल केली नाही. हाच बाल्मर २०१४ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्स २०० कोटी डॉलरला घेतो आणि पुढे त्यांच्यासाठी नवं अरिना बांधतो. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो. माणूस होता, पैसा होता, प्रेम होतं, आणि अडलं साडेसात कोटींवर.

त्याच मार्चमध्ये ओक्लाहोमा सिटीत काय झालं बघा. एक टक्का विक्रीकर आणखी काही महिने चालू ठेवून आपलं अरिना सुधारायचं का यावर मतदान, १२ कोटी डॉलरच्या वर काम, आणि ६२ टक्के लोक हो म्हणाले. एका शहराने नाही म्हटलं, दुसऱ्याने हो म्हटलं, लीगला आणखी काय पाहिजे.

१३ एप्रिल २००८, सिॲटलमधली शेवटची मॅच, डॅलसविरुद्ध. टीम त्या वर्षी ८२ पैकी ६२ मॅच हरली होती, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन, तरी अरिना भरलेलं आणि लोक 'सॉनिक्स वाचवा' ओरडत होते. १९ वर्षांचा केव्हिन ड्युरंट, पहिलंच वर्ष, हात वर करून लोकांना आणखी ओरडायला लावत होता. ९९-९५ ने जिंकले. मग पाच दिवसांनी मालकांचं मतदान, २८ विरुद्ध २, टीम हलवायला मंजुरी. विरोधात फक्त डॅलसचा मार्क क्यूबन आणि पोर्टलंडचा पॉल ॲलन, जो स्वतः सिॲटलचा. याच महिन्यात बेनेट आणि पार्टनर यांचे जुने ईमेल कोर्टाच्या कागदांतून बाहेर आले, त्यात एप्रिल २००७ मध्येच, म्हणजे प्रामाणिक प्रयत्नांचं वर्ष अर्धंच झालेलं असताना, पुढच्या सीझनला टीम ओक्लाहोमात नेता येईल का याची चर्चा होती.

जूनमध्ये फेडरल कोर्टात सहा दिवस सुनावणी चालली. शहराचं म्हणणं, लीज म्हणजे लीज, पैसे देऊन सुटता येणार नाही, खेळावंच लागेल. टीमचं म्हणणं, संबंध बिघडले आहेत, दोन वर्षांत आमचा कोट्यवधींचा तोटा होईल, पैसे घ्या आणि सोडा. निकाल २ जुलैला दुपारी चारला येणार होता. आणि त्याच्या काही तास आधी शहराने तडजोड केली.

या तडजोडीवर मी कितीतरी वेळा विचार केला. शहराला मिळाले रोख ४.५ कोटी डॉलर, आणि राज्याने २००९ संपायच्या आत अरिनासाठी पैसा मंजूर केला आणि तरी पाच वर्षांत नवी टीम मिळाली नाही तर आणखी ३ कोटी. राज्याने काही मंजूर केलं नाही, ते ३ कोटी गेलेच. सॉनिक्स हे नाव, हिरवा-पिवळा रंग, लोगो, बॅनर, ट्रॉफी सिॲटलमध्ये राहणार, इतिहास दोघांचा. म्हणजे माझ्या पोट्ट्याच्या मोबाइलवर थंडरच्या नावापुढे १९७९ दिसतं ते या कागदामुळे. पण थंडरने ते बॅनर आपल्या अरिनात लावलेलं नाही, ते २०२५ लाच आपलं पहिलं म्हणून साजरं करतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

नागपूरच्या माणसाला ही तडजोड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९५६ पर्यंत आपण राजधानी होतो. ती गेली, आणि बदल्यात हिवाळी अधिवेशन आलं. दर डिसेंबरात सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड लागतात, रविभवनला गाड्यांची रांग लागते, आणि माझे आजोबा ते पाहून दरवेळी म्हणायचे, "नाव राहिलं बाप्पा, घर गेलं." सॉनिक्सच्या तडजोडीबद्दल वाचताना मला आजोबांचा आवाज ऐकू येत होता.

शहराने तडजोड करायला नको होती का? माझं मत, नको होती. हो, कोर्टात हरले असते तर हात रिकामे राहिले असते, हे मला समजतं. पण ती लीज हे शहराच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. दोन वर्षं आणखी टीम तिथे थांबली असती तर बेनेटच्या ग्रुपला तोटा सोसावा लागला असता, दरम्यान बाल्मरसारखा कोणी परत आला असता, राज्यात हवा बदलली असती. खात्री कशाचीच नव्हती, पण वेळ तर मिळाला असता, आणि अशा प्रकरणात वेळ हीच सगळ्यात महाग गोष्ट. शहराने तो वेळ ४.५ कोटीला विकला. टीम ओक्लाहोमात गेल्यावर चार वर्षांत, २०१२ ला, ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डनला घेऊन फायनलमध्ये होती. वेस्टब्रुकची निवड तर टीम अजून कागदावर सिॲटलची असतानाच, तडजोडीच्या सहा दिवस आधी झाली होती.

आता या प्रकरणातला जो भाग बहुतेक लोक सांगत नाहीत तो सांगतो. ३५ कोटीच्या त्या सौद्यात महिलांची स्टॉर्मसुद्धा होती ना, तीही बेनेटचीच झाली होती. मालक तोच, अरिना तेच, शहर तेच. २००८ च्या सुरुवातीला सिॲटलच्या चार महिलांनी मिळून ती बेनेटकडून १ कोटी डॉलरला विकत घेतली. स्टॉर्म कुठेही गेली नाही. २०१०, २०१८ आणि २०२० ला टायटल जिंकली, २००४ चं आधीचं धरून चार. मतदार तेच, विधिमंडळ तेच, तोच ७४ टक्क्यांचा ठराव लागू. फरक एकच, कागदावर नाव कोणाचं. पुरुषांच्या टीमसाठी लोक रस्त्यावर येत होते आणि महिलांची टीम चार जणींनी गाजावाजा न करता वाचवली. मी मुलींची बॅच घेतो तेव्हा त्यांना हे आवर्जून सांगतो.

दुसरं उदाहरण सॅक्रामेंटो. २०१३ मध्ये सिॲटलच्याच एका ग्रुपने, ख्रिस हॅन्सनच्या, सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेऊन सिॲटलला आणायचा सौदा जवळपास केला होता. म्हणजे आपल्यावर जे झालं तेच दुसऱ्या शहरावर करायची वेळ आली. पण सॅक्रामेंटोचा महापौर केव्हिन जॉन्सन हा स्वतः एनबीए खेळलेला, त्याने आधी तिकडे राहणारा मालक शोधला, मग महापालिकेकडून नव्या अरिनासाठी पंचवीस कोटींच्या वर मंजूर करून घेतले, आणि लीगपुढे दोन्ही कागद ठेवले. मालकांनी २२ विरुद्ध ८ ने स्थलांतर नाकारलं. तो नवा मालक कोण? विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळले, एनबीएच्या भारतातल्या पहिल्या. आडनावाने आपल्यातला वाटणारा माणूस टीम वाचवतो, पण त्याच बातमीने सिॲटलचे लोक रडतात. मला दोन्ही बाजूंचं वाटतं.

आपल्याकडे असं का होत नाही यावरही विचार केला. २००८ हेच वर्ष, नागपुरातल्या क्रिकेटच्या मोठ्या मॅच सदरच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडवरून जामठ्याला गेल्या, त्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची गांगुलीची शेवटची टेस्ट तिथेच झाली. आम्ही शाळेतून सायकलवर जाऊन जुन्या ग्राउंडच्या भिंतीबाहेर उभे राहून आवाज ऐकायचो, ते संपलं, वाईट वाटलं. पण विदर्भची टीम विदर्भचीच राहिली आणि तीन वेळा रणजी जिंकली. ती कोणी उचलून दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही कारण ती कोणाची खासगी नाहीच, असोसिएशनची आहे. अमेरिकेतही असं एक उदाहरण आहे, फुटबॉलची ग्रीन बे पॅकर्स, लाखभर लोकवस्तीचं गाव, मालक पाच लाखांवर साधे शेअरहोल्डर, शंभर वर्षं तिथेच. नवीन टीमला लीग आता अशी मालकी देत नाही.

आणि सिॲटलचं पुढे? की अरिनाचं जुनं छप्पर वारसा म्हणून तसंच ठेवून खाली सगळं नवं खोदून बांधलं, १०० कोटी डॉलरच्या वर खर्च, तोही खासगी. २०२१ ला ते नव्या नावाने उघडलं. आइस हॉकीची टीम तिथे खेळते, स्टॉर्म खेळते. सॉनिक्स नाहीत.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एक गोष्ट केली जी अकरा वर्षांत केली नव्हती. आमचं ग्राउंड एका संस्थेच्या जागेत आहे, बोर्ड आम्ही वर्गणी काढून बसवले, रिंग दोनदा बदलले, कोर्ट पावसाळ्यानंतर दरवर्षी पालकच रंगवतात, आणि मी कायम 'आमचं ग्राउंड' म्हणत आलो. संस्थेच्या ऑफिसात जाऊन कागद मागितला. तीन चकरा मारल्यावर दाखवला. एक पान आहे, दरवर्षी मार्चमध्ये नूतनीकरण, आणि एक महिन्याच्या नोटिशीवर जागा खाली. सहीच्या जागी ज्यांचं नाव आहे ते काका आता पुण्याला मुलाकडे राहतात.

मी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. दोन बाबा वकील निघाले, एक आई सीए. नोंदणीकृत संस्था करायची, करार पाच वर्षांचा मागायचा आणि नोटीस किमान सहा महिन्यांची, एवढं तूर्त ठरलंय. रविवारी सकाळी साडेआठला, प्रॅक्टिस संपल्यावर, पायऱ्यांवरच मीटिंग आहे. निळ्या जर्सीवाल्या पोट्ट्यालाही मी बसायला सांगितलंय.